अल्टिमेटचे खेळ कोणत्या क्रमाने खेळावेत

'अल्टिमेट प्ले द गेम' या व्हिडिओ गेम कंपनीचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर त्यांचे चार खेळ ओळीने खेळा: जेटपॅक, अ‍ॅटिक अ‍ॅटॅक, सेबर वुल्फ, नाइट लोअर. टिम आणि ख्रिस स्टॅम्पर या भावांनी १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या अ‍ॅश्बी-दे-ला-झूश या छोट्या गावात ही कंपनी सुरू केली. हे चारही खेळ झेडएक्स स्पेक्ट्रम या १९८० च्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी होते, आणि ते कॅसेटच्या टेपवरून लोड व्हायचे. ते मुलाखती क्वचितच देत, म्हणून त्यांची ओळख खेळांतूनच करून घ्यावी लागते.

'फ्यूज' हा मोफत एम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम, उतरवा. जलद लोडिंग बंद करा, आवाज मात्र चालू ठेवा. मशीन १६ के (१६ किलोबाइट मेमरीचा) स्पेक्ट्रमच निवडा. माझा यावर फार आग्रह आहे. 'जे' दाबलं की 'लोड' उमटतं. मग कंट्रोल धरून दोनदा 'पी' (अवतरणचिन्हं उमटतात), एंटर, आणि टेप सुरू. कडेला आधी लाल-आकाशी जाड पट्टे दिसतील, मग निळे-पिवळे बारीक.

जेटपॅक (१९८३) खेळताना एवढं लक्षात ठेवा: एकूण मेमरी १६,३८४ बाइट, त्यातले ६,९१२ पडद्यालाच जातात. उरलेल्या साडेनऊ हजारांच्या आत रॉकेट, इंधन, शत्रू, आवाज, सगळं बसवलंय! माझ्या भाचीला हा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा तिने खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.

आता ४८ के वर या. अ‍ॅटिक अ‍ॅटॅकमध्ये उजवीकडची भाजलेली कोंबडी बघत राहा. शक्ती संपत जाते तशी तिची हाडं उरतात. शोधायच्या किल्लीवर 'एसीजी' अशी अक्षरं आहेत, म्हणजे अ‍ॅश्बी कॉम्प्युटर्स अँड ग्राफिक्स, कंपनीचं मूळ नाव.

सेबर वुल्फ आणि नाइट लोअर (दोन्ही १९८४) एकाच बैठकीत खेळा. पहिल्यात रंगीबेरंगी जंगल, दुसऱ्यात खोलीला एकच रंग. स्पेक्ट्रमला ८×८ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग चालतात, म्हणून वस्तू एकमेकींमागे नीट लपाव्यात यासाठी रंगांवर पाणी सोडलं. टिमच्या सांगण्यानुसार नाइट लोअर आधीच तयार होता, पण मुद्दाम मागे ठेवला. खोलीत हलणाऱ्या वस्तू वाढल्या की खेळ मंदावतो. तुमचा संगणक बिघडलेला नाही.

पुढे अल्टिमेट हे नाव यू. एस. गोल्ड या प्रकाशक कंपनीकडे गेलं आणि भावांनी 'रेअर' या आपल्या दुसऱ्या कंपनीवर लक्ष दिलं. एक्सबॉक्स असेल तर २०१५ च्या 'रेअर रिप्ले' या संग्रहात हे चारही खेळ मिळतील.