घरगुती एचडी कॅमकॉर्डर: घेण्यापूर्वी काय पाहावे, घेतल्यावर कसा चालवावा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर विसर्जन होते. स्वस्त एचडी कॅमकॉर्डरचे बहुतेक सगळे गुण आणि बहुतेक सगळे दोष या एका कार्यक्रमात उघडे पडतात, म्हणून कोणी या यंत्राविषयी विचारले की मी तिथूनच सुरुवात करतो. सोमवारी उन्हात नदीकाठी घेतलेले चित्रण टीव्हीवर लावले की घरची मंडळी खूश होतात. आदल्या रात्रीचे लावले की तोंडे उतरतात. कॅमेरा तोच आणि धरणारा हातही तोच, बदललेला असतो तो फक्त प्रकाश. त्यामुळे कॅमेरा घेण्याआधी किंमत विचारण्याऐवजी वर्षभरात आपण काय काय चित्रित करणार आहोत, ते दिवसा की रात्री, उघड्यावर की खोलीत, याची यादी कागदावर लिहून काढावी.

आपल्याकडे असल्या प्रत्येक कॅमेऱ्याला सरसकट हँडीकॅम म्हणतात. वास्तविक ते सोनीचे व्यापारी नाव आहे. येथे मी बोलतो आहे ते नामांकित कंपन्यांच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील, १९२० × १०८० बिंदूंचे म्हणजे फुल एचडी चित्र देणाऱ्या कॅमेऱ्यांविषयी. सोनीचा २०१५ सालचा एचडीआर-सीएक्स४०५ हा या वर्गाचा चांगला नमुना आहे आणि पुढे आकडे देताना मी बऱ्याच ठिकाणी त्याचाच आधार घेतला आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यांनी या बाजारात बरीच जागा व्यापल्यामुळे असे कॅमेरे नवे मिळण्यापेक्षा वापरलेले मिळण्याचा संभव अधिक असतो, हेही आधीच लक्षात घ्यावे.

या कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याचा ऑप्टिकल झूम. सीएक्स४०५ मध्ये तो ३० पट आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबाने हे भिंग २६.८ पासून ८०४ मिलिमीटरपर्यंत जाते. याचा व्यवहारातला अर्थ असा की दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या गर्दीत न शिरता, कडेला उभे राहून घोड्याच्या डोळ्याची उघडझाप चित्रित करता येते. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठे करताना एका मर्यादेनंतर आहे तेच चित्र ताणले जाते आणि कडा फाटू लागतात. येथे मात्र भिंगातील काचा खरोखर सरकतात व चित्राचा तपशील टिकून राहतो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला ३५० पट वगैरे आकडा मात्र डिजिटल झूमचा असतो आणि त्याकडे दुर्लक्ष करावे; मेन्यूत जाऊन तो झूम पहिल्याच दिवशी बंद करून टाकणे उत्तम.

एवढा लांबचा झूम हातात धरून स्थिर राहत नाही. कॅमेऱ्यात थरथर कमी करण्याची सोय असते आणि चालताना ती चांगली उपयोगी पडते, पण १५ पटीच्या पुढे गेल्यावर श्वासानेसुद्धा चित्र हलते. ट्रायपॉड असल्यास प्रश्न नाही. नसल्यास जाड कापडी पिशवीत किलो-दीड किलो ज्वारी भरून तिचे तोंड सैलसर बांधावे, ती ओट्याच्या कठड्यावर किंवा बैलगाडीच्या साटीवर ठेवावी आणि तिच्यात कॅमेरा दाबून बसवावा. दाणे सरकून कॅमेऱ्याच्या आकाराचा खड्डा तयार होतो आणि तो तिथे घट्ट बसतो. विकतच्या हलक्या ट्रायपॉडपेक्षा मला ही पिशवी वाऱ्यात जास्त भरवशाची वाटते.

दुसरा गुण सलग चित्रणाचा. अनेक फोटो कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी व्हिडिओ आपोआप थांबवत. युरोपात अर्धा तास किंवा त्याहून अधिक सलग चित्रण करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा समजून त्यावर वेगळे आयात शुल्क लागे, हे त्यामागचे कारण. कॅमकॉर्डरला ही अट नसल्यामुळे कार्ड आणि बॅटरी पुरेल तोवर तो चालू राहतो, मध्येच फोन येऊन चित्रण तुटत नाही. हिशेब सोपा आहे. चित्रण साठवण्याच्या एक्सएव्हीसी-एस या उच्च दर्जाच्या पद्धतीत सेकंदाला ५० मेगाबिट, म्हणजे तासाला सुमारे साडेबावीस गिगाबाइट जागा लागते आणि ६४ गिगाबाइटच्या कार्डावर पावणेतीन तासांच्या आतबाहेर चित्रण मावते. एव्हीसीएचडी या दुसऱ्या पद्धतीच्या २४ मेगाबिट दर्जावर तेच कार्ड साडेपाच तासांच्या पुढे जाते. घरगुती कार्यक्रमांना हा दुसरा दर्जा पुष्कळ झाला. बॅटरीचे मात्र असे नाही. पुस्तिकेत दिलेली सलग चित्रणाची वेळ वाचून हुरळून जाऊ नये, कारण चालू-बंद करणे, झूम आणि स्क्रीन यांमुळे प्रत्यक्षात तिच्या जवळपास निम्मीच वेळ हाती लागते. दुसरी बॅटरी हा चैनीचा खर्च समजू नये. काही मॉडेल पॉवर बँकेला जोडून चित्रण करू देतात, तर काही तेव्हा केवळ चार्ज होतात; दुकानात हे जोडूनच पाहावे.

आता दोषांकडे वळू, आणि पहिला दोष अंधाराचा. सीएक्स४०५ चा सेन्सर, म्हणजे भिंगामागे प्रकाश टिपणारा भाग, १/५.८ इंच वर्गाचा आहे; हे वर्गाचे नाव झाले, प्रत्यक्षात त्याचा कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर भरतो. साध्या बऱ्या मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर याहून मोठा असतो. हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असली की हे नीट दिसते. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ भडकलेला आहे, त्यात वांगी उलटीपालटी होत आहेत, आणि आपण दहा पावलांवरून झूम करून वांगे सोलणाऱ्या हातांवर कॅमेरा रोखला आहे. जाळ पांढराफटक होतो, मागच्या काळोखात मुंग्या धावल्यासारखे ठिपके उठतात आणि धुरामुळे फोकस एकदा हातावर, एकदा धुरावर असा चाचपडत राहतो. यातील निम्मे नुकसान झूमने केलेले असते. या भिंगाचे तोंड झूम नसताना एफ १.८ इतके उघडते, पूर्ण झूमवर एफ ४ च्या पलीकडे उघडत नाही (हा आकडा जितका मोठा तितके तोंड लहान). म्हणजे आत येणारा प्रकाश जवळपास पाचपट कमी होतो. म्हणून रात्रीचा नियम असा की झूम करायचा नाही, पायांनी जवळ जायचे, फोकस हाताने एकदा ठरवून ठेवायचा आणि शक्य असेल तर एखादा एलईडी दिवा भिंतीवर किंवा मांडवाच्या छतावर मारून उलटा उजेड घ्यायचा. थेट तोंडावर मारलेला उजेड माणसांना नकोसा होतो आणि गाणाऱ्या बायका गाणे थांबवून पदर पुढे ओढतात, हा माझा अनुभव आहे.

रंगांचा घोळ मांडवात होतो. लाल-पिवळ्या कापडातून गाळून आलेल्या उजेडात नवरदेव कावीळ झाल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरे ते पांढरेच दिसावे असा रंगांचा मेळ, हाताने ठरवण्याची सोय असल्यास त्याच उजेडात एखाद्या पाहुण्याची स्वच्छ पांढरी टोपी समोर धरावी, स्क्रीनभर फक्त ती दिसू द्यावी आणि बटण दाबावे. लग्नात टोप्यांना तोटा नसतो.

दुसरा दोष आवाजाचा, आणि माझ्या मते तो अंधारापेक्षाही मोठा आहे, कारण वाईट चित्र माणूस सहन करतो, पण फाटलेला आवाज सहन करत नाही. आतला मायक्रोफोन आवाजाची पातळी स्वतःच कमी-जास्त करतो. वरातीत बॅण्ड किंवा डीजे जवळ आला की आवाज फाटतो, आणि वरात पुढे गेली की काही क्षण सगळे बधिर झाल्यासारखे वाटते. मेन्यूत मायक्रोफोनची पातळी ‘लो’ करण्याची सोय असेल तर वरातीपूर्वी ती करावी आणि नंतर आठवणीने पूर्ववत करावी. झूमने चित्र जवळ येते, आवाज येत नाही, हे तर पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर बसून लेकी-सुना अहिराणी गाणी म्हणतात, ती अंगणाच्या दुसऱ्या टोकावरून टिपल्यास शब्द कळत नाहीत. सीएक्स४०५ ला बाहेरचा मायक्रोफोन लावण्याचे छिद्र नाही. ज्यांना गाणी, कीर्तन किंवा भाषण टिपायचे आहे त्यांनी ते छिद्र असलेलेच मॉडेल पाहावे. हाती आहे त्याच कॅमेऱ्यावर भागवायचे तर एक मोबाइल ध्वनिमुद्रण चालू करून गाणाऱ्यांजवळ रुमालावर ठेवावा, दोन्ही यंत्रे चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवावी आणि पुढे संगणकावर त्या टाळीच्या खुणेवर चित्र व आवाज जुळवून घ्यावेत.

परदेशातील नातेवाइकांकडून कॅमेरा मागवणाऱ्यांसाठी एक इशारा. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे येथे विकले जाणारे कॅमेरे सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे घेतात. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची असते आणि तिथला कॅमेरा ३० किंवा ६० चित्रांच्या हिशेबाने चालतो, त्यामुळे आपल्या ट्यूबलाइटखाली त्याच्या चित्रात उजेड लपलपताना दिसतो. शटर, म्हणजे प्रत्येक चित्रासाठी प्रकाश आत घेण्याची वेळ, १/१०० सेकंदावर ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो, परंतु स्वस्त मॉडेलमध्ये शटर हाताने बदलता येतोच असे नाही.

जळगाव-भुसावळचा मे महिना या यंत्रांसाठी बनलेला नाही. बहुतेक पुस्तिकांत वापराची मर्यादा ० ते ४० अंश सेल्सिअस दिलेली असते आणि आपले लग्नसराईचे दिवस तिच्या पलीकडे जातात. कॅमेरा गाडीच्या काचेमागे ठेवू नये, दोन चित्रणांच्या मध्ये ओलसर नव्हे तर कोरड्या पांढऱ्या फडक्याखाली सावलीत ठेवावा, आणि काळा असल्यामुळे तो किती लवकर तापतो हे हात लावून पाहत राहावे. खोलीत आल्यावर कूलरच्या झोतासमोर ठेवण्याचा मोह आवरावा. ती हवा दमट असते. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास भिंगात बुरशी धरत नाही. कापसाच्या हंगामात उडणारा तूस भिंगावर बसतो, तो आधी फुंकणीने उडवावा. शर्टाच्या टोकाने पुसल्यास धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

वापरलेला कॅमेरा घेताना तो स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. स्क्रीन हळूहळू उघडून-फिरवून पाहावी, कारण आतली पातळ पट्टी तुटत आली असेल तर एखाद्या कोनात चित्र जाते. झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेताना अडखळतो का, करकरतो का, ते कानाजवळ धरून ऐकावे. भिंगात मोबाइलची टॉर्च तिरपी मारली की बुरशीचे जाळे दिसते. भिंगावर टोपण ठेवून मिनिटभर चित्रण केल्यास सेन्सरचे बिघडलेले बिंदू पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने उघडे पडतात. या सगळ्यांपेक्षा अधिक जपायचे ते अपरिचित नावाच्या, ‘४के’ लिहिलेल्या, त्याच किमतीच्या नव्या कॅमेऱ्यांपासून. त्यांतील बहुतेकांत ऑप्टिकल झूम नसतो, फोकस ठरलेला असतो आणि ४के चित्र लहान चित्र फुगवून केलेले असते. तसला कॅमेरा घेण्यापेक्षा घरातला मोबाइल बरा.

मग घ्यावा कोणी? ज्यांच्या घरी शाळेचे स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, यात्रा, शेतातली कामे, दिवसाची लग्ने असे दुरून आणि दीर्घकाळ टिपायचे प्रसंग आहेत त्यांनी अवश्य घ्यावा. ज्यांचे सगळे कार्यक्रम रात्री, खोलीत, आठ-दहा फुटांच्या आत होतात त्यांना चांगला मोबाइल आणि एक वेगळा मायक्रोफोन अधिक उपयोगी पडेल.

चित्रण संगणकावर उतरवताना माझी एकदा चूक झाली होती, ती सांगून ठेवतो. एव्हीसीएचडीमध्ये लांब चित्रण कार्डावर ४ गिगाबाइटच्या आतल्या तुकड्यांत साठते. मी एका लग्नाचे फक्त एमटीएस तुकडे, म्हणजे चित्रणाच्या फाइली, उचलले, बाकीचा फोल्डर निरुपयोगी समजून कार्ड कोरे केले आणि नंतर ते तुकडे जोडले, तेव्हा मंगलाष्टकांच्या ऐन मध्ये क्षणभर आवाज गायब झाला. तुकड्यांचा क्रम आणि सांधा यांची नोंद बाजूच्या लहान फाइलींत असते. म्हणून कार्डावरील संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवावा, दोन्हींवरून थोडेथोडे चालवून पाहावे आणि त्यानंतरच कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. कॅमेरा काही महिने बॅटरीविना पडून राहिला तर त्याचे घड्याळ पुसले जाते आणि श्रावणातल्या चित्रणावर १ जानेवारीची तारीख उमटते, तेव्हा कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करतानाच तारीख आणि वेळ लावून घ्यावी.