बाटलीवर वेळ लिहिली का? लघवीतून कीटकनाशकाचा माग काढताना

पहिल्या हंगामात मी फवारणी करणाऱ्यांच्या लघवीच्या चाळीसेक बाटल्या गोळा केल्या. सगळ्यांवर तारीख घातली, वेळ मात्र एकीवरही घातली नाही. प्रयोगशाळेतून आकडे आले तेव्हा एकाच माणसाच्या, एकाच दिवसाच्या दोन नमुन्यांत चौपट फरक होता. फवारणीनंतर किती तासांनी कुठली बाटली भरली हे त्याला आठवेना, आणि माझ्या वहीतही ते नव्हतं. ते आकडे अजून माझ्याकडे पडून आहेत आणि त्यांतून काही म्हणजे काही सांगता येत नाही. म्हणून यंत्राचं नंतर बघू, आधी वहीचं.

डीडीटीसारखी जुनी रसायनं चरबीत वर्षानुवर्षं मुरून बसतात, म्हणून ती रक्तात शोधतात. आज शेतात सर्रास वापरली जाणारी कीटकनाशकं तशी नाहीत. शरीर त्यांचे तुकडे करतं आणि लघवीवाटे बाहेर टाकतं. आपण बहुतेक वेळा मोजतो ते हेच तुकडे, म्हणजे मेटाबोलाइट. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाचा तुकडा शरीरातून निम्मा व्हायला साधारण २७ तास लागतात. हिशेब करा: तीन दिवसांनी सहाव्या हिश्श्याच्या आसपास उरतो, आठवड्याने शंभरात एक-दीड. सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं त्याहूनही घाईत निघून जातात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सिएटलच्या एका अभ्यासात २३ शाळकरी मुलांना पाच दिवस सेंद्रिय अन्न दिलं. मॅलाथिऑन आणि क्लोरपायरीफॉसचे तुकडे त्यांच्या लघवीत जवळजवळ दिसेनासे झाले आणि नेहमीचं जेवण सुरू होताच परत आले. एक बाटली म्हणजे गेल्या एक-दोन दिवसांची गोष्ट, वर्षभराची नव्हे.

तेव्हा वहीत काय काय हवं? शेवटची फवारणी कधी सुरू झाली, कधी संपली, पंप पाठीवरचा होता की ट्रॅक्टरचा, द्रावण कुणी कालवलं, हातमोजे होते का, अंगावर उडालं का, कपडे कधी बदलले, बाटली किती वाजता भरली आणि त्याआधी लघवीला कधी जाऊन आलात. उत्पादनाचं नाव विचारून थांबू नका. रिकामा डबा मागा आणि लेबलचा फोटो घ्या, कारण व्यापारी नावं दहा असतात आणि आतला घटक एकच.

प्रश्न विचारायची भाषाही सांभाळा. मी सुरुवातीला विचारायचे, ‘‘काल कीटकनाशक वापरलं का?’’ उत्तर यायचं, ‘‘नाही.’’ पुढच्याच वाक्यात तोच माणूस म्हणायचा की काल दिवसभर औषध मारत होतो. ‘औषध’ हाच शब्द वापरा. फक्त नंतर डॉक्टरांच्या गोळ्यांबद्दल विचारताना ‘गोळ्या’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर उलटा घोटाळा होतो. स्वतः फवारणी न केलेल्यांनाही हेच सगळं विचारा. शेजारच्या शेतात कुणी मारलं का, घरात डासांसाठी किंवा झुरळांसाठी काही वापरता का, फवारणीचे कपडे धुतले कुणी?

आता काय शोधायचं ते ठरवा. ‘कीटकनाशकं तपासा’ असं लिहून पाठवलेल्या नमुन्यावर प्रयोगशाळा काहीच करू शकत नाही. क्लोरपायरीफॉस, मॅलाथिऑन ज्यात येतात त्या ऑर्गनोफॉस्फेट गटासाठी डायअल्किल फॉस्फेट नावाचे सहा तुकडे मोजतात. त्यांतले डायमिथाइल गटाचे तुकडे मॅलाथिऑन, डायमिथोएट अशांकडून येतात, डायइथाइल गटाचे क्लोरपायरीफॉस, डायझिनॉन अशांकडून. गट कळतो, पण नेमकं औषध कळत नाही. क्लोरपायरीफॉसवरच संशय असेल तर त्याचा तुकडा, ट्रायक्लोरोपिरिडिनॉल, मागा. पायरेथ्रॉइडसाठी ३-फिनॉक्सीबेन्झोइक ॲसिड आहे. पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन अशा बऱ्याच जणांचा तो सामाईक तुकडा आहे, त्यामुळे सुरुवातीला चांगला. निओनिकोटिनॉइड या तिसऱ्या गटाचं थोडं वेगळं. इमिडाक्लोप्रिड काही अंशी जसंच्या तसं लघवीत सापडतं, पण ॲसिटामिप्रिड मुख्यतः एन-डेसमेथिल ॲसिटामिप्रिड या तुकड्याच्या रूपात. फक्त मूळ ॲसिटामिप्रिड शोधणाऱ्या यादीत शून्य आलं तर त्या शून्यावर विश्वास ठेवू नका.

कार्बारिल या कीटकनाशकासाठी १-नॅफ्थॉल हा तुकडा मोजतात, आणि इथे मी एकदा चांगलीच फसले. कार्बारिलला हातही न लावलेल्या एका माणसाचा आकडा गगनाला भिडला होता. तो दिवसभर धूम्रपान करायचा. धुरातल्या आणि डांबराच्या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनपासूनही १-नॅफ्थॉल तयार होतं. सोबत २-नॅफ्थॉलही मोजून घ्या. नॅफ्थलीनमुळे दोन्ही वाढतात, कार्बारिलमुळे फक्त पहिलं.

बाटली पॉलिप्रोपिलीनची, रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची, कोरी घ्या. आधी काही भरलेली धुऊन वापरलेली चालणार नाही. भरण्याआधी हात साबणाने धुवायला लावा आणि शक्य असेल तर फवारणीचे कपडे उतरवूनच भरायला सांगा. तुकडे मोजायचे असतील तर हाताला लागलेल्या मूळ औषधाने फार बिघडत नाही, पण इमिडाक्लोप्रिडसारखं मूळ रसायनच मोजायचं असेल तर बोटावरचा एक ओघळ सगळा नमुना वाया घालवतो. झाकणाची आतली बाजू जमिनीवर टेकवायची नाही, हे दर वेळी सांगावं लागतं.

कधीची लघवी? सगळ्यात पक्की चोवीस तासांची, पण शेतात राबणारा माणूस एखादी खेप विसरतो किंवा सांगायला लाजतो, आणि मग अपुरी बाटली पुरी म्हणून जमा होते. मी बहुतेक वेळा तीन बाटल्या घेते: फवारणीआधीच्या सकाळची, फवारणी संपल्यावर संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या पहिली. कातडीतून शिरलेलं औषध सावकाश झिरपतं, म्हणून तिसरी गाळू नका. फवारणीआधीची नसेल तर बाकीच्या दोन कशाशी ताडून बघणार?

लेबलवर नाव नको, फक्त क्रमांक, तारीख आणि वेळ. नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या, कुलूपबंद जागी. शाईच्या पेनाने लिहू नका. बर्फाच्या पेटीत बाटलीला घाम फुटतो आणि शाई पसरते. पेन्सिल किंवा फ्रीझरचं लेबल वापरा. नमुना लगेच थंड पेटीत ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी दोन-तीन छोट्या कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर, लांबच्या मुदतीसाठी उणे ८० वर गोठवा. वाटण्याआधी बाटली हलवून घ्या, तळाशी गाळ बसतो. कुपी काठोकाठ भरू नका, गोठताना फुटते. वाटून ठेवण्याचं कारण साधं आहे: पुन्हा तपासायची वेळ आली तर तोच नमुना वितळवा-गोठवा करावा लागत नाही.

हाताळणी आणि मोजणी पडताळायला दोन जादा बाटल्याही पाठवा. एकीत प्रयोगशाळेतूनच आणलेलं शुद्ध पाणी, शेतावर नेऊन इतरांसारखीच उघडून बंद केलेलं. तिच्यात काही सापडलं तर दोष तुमच्या हाताळणीत आहे. दुसरी म्हणजे आधीच पाठवलेल्या एका नमुन्याचाच दुसरा वाटा, वेगळ्या क्रमांकाने. प्रयोगशाळेला सांगायचं नाही. आकडे जुळले तर बाकीच्यांवर भरवसा ठेवायचा.

प्रयोगशाळेला मात्र काही गोष्टी आधीच विचारा. बरेच तुकडे लघवीत ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेटला, म्हणजे बाहेर टाकणं सोपं व्हावं म्हणून शरीराने जोडलेल्या रेणूंना, बांधलेले असतात. ते सोडवायला एन्झाइम घालून ३७ अंशांवर, बहुधा रात्रभर ठेवतात. ही पायरी गाळली तर ३-फिनॉक्सीबेन्झोइक ॲसिड खूपच कमी दिसतं. मोजणी टँडम मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणू त्यांच्या वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) होते का, समस्थानिक-खूण असलेलं मानक (त्याच तुकड्याचं जड अणू असलेलं रूप, ठरावीक प्रमाणात) प्रत्येक नमुन्यात घालतात का, आणि किती कमी प्रमाणापर्यंत दिसतं? ‘आढळले नाही’ याचा अर्थ त्या शेवटच्या उत्तरावरच ठरतो.

आकडा आला की लगेच तुलना करायला धावू नका. उन्हात पाणी न पिता राबलेल्याची लघवी दाट, भरपूर पाणी प्यालेल्याची पातळ. म्हणून आकड्याला क्रिएटिनिनने भागतात; हा स्नायूंतून येऊन लघवीत उतरणारा टाकाऊ पदार्थ, त्यावरून लघवी किती दाट ते कळतं. समजा एकाला लिटरमागे ६ मायक्रोग्रॅम निघाले आणि क्रिएटिनिन लिटरमागे ०.५ ग्रॅम, दुसऱ्याला १२ मायक्रोग्रॅम आणि क्रिएटिनिन २ ग्रॅम. भागून बघा: पहिल्याचे क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे १२, दुसऱ्याचे ६. क्रम उलटा झाला! क्रिएटिनिन ०.३ ते ३ ग्रॅमच्या बाहेर असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो नमुना अति पातळ किंवा अति दाट, दुसरा घ्या. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांचं क्रिएटिनिनच वेगळं असतं, तिथे विशिष्ट घनतेने (पाण्याच्या तुलनेत लघवी किती जड, यावरून) केलेली दुरुस्तीही सोबत ठेवा.

आणखी एक गोष्ट अहवालात लिहिलेली नसते. डायअल्किल फॉस्फेट आणि ट्रायक्लोरोपिरिडिनॉल भाजी-फळांवरही तयार स्थितीत असतात, कारण औषध तिथेच विघटित झालेलं असतं. ते खाल्ले की सरळ लघवीत उतरतात. म्हणजे मोजलेला सगळा तुकडा विषारी औषधातूनच शरीरात बनला असं म्हणता येत नाही.

ही तपासणी विषबाधेसाठी नाही. फवारणीनंतर कुणाला दरदरून घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या, अंग फडफडणं असं दिसलं तर बाटली बाजूला ठेवा, औषधाचा डबा बरोबर घ्या आणि सरळ रुग्णालय गाठा. तिथे रक्तातलं कोलिनेस्टरेज बघतात; ऑर्गनोफॉस्फेटसारख्या औषधांनी हे एन्झाइम मंदावतं. लघवीच्या आकड्याला दिवस लागतात.

निकाल परत द्यायला मी स्वतः जाते. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘‘म्हणजे मला काही झालंय का?’’ मी सांगते, ‘‘ह्या आकड्यावरून आजार कळत नाही, औषध अंगात गेलं एवढं कळतं. आधीच्या सकाळी इतकं होतं, दुसऱ्या सकाळी इतकं झालं.’’ मग वही उघडून दोघं मिळून बघतो की त्या दिवशी काय घडलं होतं. बऱ्याचदा तो स्वतःच बोट ठेवतो, द्रावण उघड्या हाताने कालवलं त्या ओळीवर. पुढच्या फवारणीला हातमोजे घालून, त्याच तीन वेळांना बाटल्या भरायचं ठरतं, आणि मी कोऱ्या बाटल्या तिथेच ठेवून येते.