पहिलं होम थिएटर, बजेट मोजकं: स्पीकर घेताना या चुका टाळा

खोक्यावर छापलेला '१२,००० वॉट' हा आकडा आणि तुमच्या हॉलमध्ये प्रत्यक्ष ऐकू येणारा आवाज, यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. हा आकडा पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या कमाल पॉवरचा असतो. तो मोजायची एकच ठरलेली पद्धत नाही, त्यामुळे कंपनीला हवा तेवढा छापता येतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी पॉवर. एव्ही रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारं यंत्र) घेतानाही बारीक अक्षरं वाचा. '१ किलोहर्ट्झ, एक चॅनल, ६ ओहम, १० टक्के डिस्टॉर्शन' या अटींवर लिहिलेले १४० वॉट आणि '२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल, ८ ओहम, ०.०८ टक्के' या अटींवर लिहिलेले ७० वॉट एकाच मशीनचे असू शकतात. तुलना करायची ती दुसऱ्या आकड्याची.

खरं तर वॉटच्या आधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघायला हवी, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल (डीबी) आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. ८५ डीबीच्या स्पीकरला ८८ डीबीच्या स्पीकरएवढा आवाज काढायला दुप्पट वॉट लागतात. ८८ डीबीचा स्पीकर नऊ-दहा फुटांवरून साधारण हॉलमध्ये एका वॉटला ८० डीबीच्या आसपास ऐकू येतो. फ्लॅटमध्ये सिनेमा सरासरी ७०-७५ डीबीला बघितला जातो, म्हणजे बहुतेक वेळ एक वॉटसुद्धा खर्च होत नाही. स्फोट किंवा ढोल-ताशाचे क्षण त्याच्यावर २० डीबीने चढतात, तेव्हा शंभरपट वॉट लागतात. तरी हिशेब तीस-चाळीस वॉटांतच बसतो. साधा एंट्री लेव्हल रिसीव्हर इथे पुरून उरतो.

पैसे वाटताना होणारी मोठी चूक

'५.१ (समोर तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) तर हवंच' या हट्टापायी सगळं बजेट सहा खोक्यांत वाटलं जातं आणि एकही धड मिळत नाही. स्वस्त सेटमधल्या छोट्या सॅटेलाइट स्पीकरमध्ये अडीच-तीन इंची ड्रायव्हर असतो. तो १५० ते २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही वाजवू शकत नाही. मग खालचं सगळं वूफरवर टाकावं लागतं आणि पुरुषाच्या आवाजातला भरदारपणासुद्धा कोपऱ्यातल्या वूफरमधून यायला लागतो. साधारण १०० हर्ट्झच्या वर आवाज कुठून येतोय ते कानाला कळतं. परिणामी नायकाचं अर्धं बोलणं टीव्हीतून आणि अर्धं शोकेसखालून! वर यातल्या काही सेटचे स्पीकर ३ किंवा ४ ओहमचे आणि प्लग कंपनीचे स्वतःचे असतात. उद्या एक खराब झाला तर बाहेरचा लावता येत नाही.

हातात ७०,००० रुपये आहेत असं धरा. आमची वाटणी अशी असेल: रिसीव्हरला ३० हजार, समोरच्या बुकशेल्फ (शेल्फवर मावणाऱ्या लहान स्पीकरच्या) जोडीला १५, सेंटरला (टीव्हीखालच्या, संवादांच्या स्पीकरला) ९, अ‍ॅक्टिव्ह सबवूफरला १४ आणि वायर, ब्रॅकेट वगैरेंना २. हे झालं ३.१. मागचे दोन स्पीकर पुढच्या दिवाळीला घ्या. या सराउंड स्पीकरमध्ये मुख्यतः पाऊस, गर्दी, वारा असतो, तिथे साधे स्पीकरही चालून जातात. समोरचे तीन मात्र एकाच कंपनीच्या एकाच सिरीजचे हवेत. नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो.

मजल तीस हजारांपर्यंतच जात असेल तर ५.१ चा विचारच सोडा. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरनेच बाहेर आणणारी सोय) किंवा ऑप्टिकल इनपुट असलेले दोन पॉवर्ड (आतच अँप असलेले) स्पीकर घ्या. समोर मधोमध दोघंच बसणार असतील तर सेंटरची उणीव जाणवत नाही, कारण दोन्ही स्पीकरमधून सारखा आलेला आवाज मधूनच आल्यासारखा वाटतो. डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी छतावर स्पीकर लावायचा विषय पहिल्या खरेदीत नकोच.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत भाव विचारताना आधी एक खात्री करून घ्या: सांगितलेला दर जोडीचा की नगाचा? सेंटर आणि सब नगावर, बुकशेल्फ बहुधा जोडीवर, आणि जमिनीवर उभ्या राहणाऱ्या टॉवर स्पीकरच्या बाबतीत दोन्ही प्रकार चालतात.

टॉवरचा मोह

त्याच किमतीत उंच टॉवर मिळतोय म्हणून बुकशेल्फ सोडू नका. सब असणारच असेल तर ८० हर्ट्झखालचं काम त्याच्याकडे जातं आणि टॉवरच्या मोठ्या पेटीचा मुख्य फायदाच उरत नाही. १५ हजारांच्या टॉवरमध्ये पैसे लाकडात जातात, १५ हजारांच्या बुकशेल्फमध्ये ट्वीटर (बारीक आवाजाचा ड्रायव्हर) आणि क्रॉसओव्हरमध्ये (आवाजाची वाटणी करणाऱ्या सर्किटमध्ये). सव्वापाच किंवा साडेसहा इंची वूफरचा, ८ ओहमचा, ८७ डीबीच्या वरचा बुकशेल्फ बघा. मागच्या बाजूला पोर्ट (हवेचं भोक) असेल तर भिंतीपासून सहा-आठ इंच तरी जागा लागेल. तेवढी जागा नसेल तर पुढे पोर्ट असलेला किंवा पूर्ण बंद पेटीचा घ्या. मागच्या पोर्टचा स्पीकर भिंतीला चिकटवला की आवाज घुमतो, आणि दोष स्पीकरला दिला जातो.

संवाद कळत नाहीत

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. कारणं बहुतेकदा जागेत असतात, स्पीकरमध्ये नाही.

सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असतो. तो कप्प्याच्या कडेपर्यंत, किंचित बाहेरच ओढा. युनिट गुडघ्याएवढं असेल तर पुढच्या कडेखाली रबरी पॅड सरकवून स्पीकरचं तोंड कानाकडे वर करा. कप्प्यात तेवढी जागा आहे का ते आधीच मोजून बघा. सेंटरची उंची न मोजता खरेदी करणं हीसुद्धा नेहमीची चूक आहे.

दुसरं कारण खोली. व्हिट्रिफाइड टाइल, उघड्या भिंती, समोर काचेची स्लायडिंग खिडकी. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. मागून 'टर्रर्र' असा ताणलेला आवाज आला तर आणखी महाग स्पीकर घेऊन काहीही सुधारणार नाही. सोफा आणि टीव्हीच्या मध्ये जाड गालिचा, खिडकीला दुपदरी जाड पडदा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, एवढ्याने फरक पडतो.

सेंटर अजून घेतलाच नाही, पण रिसीव्हरमध्ये तो 'आहे' असं राहून गेलंय, असंही होतं. मग संगीत वाजतं आणि संवाद गायब होतात. स्पीकर सेटअपमध्ये सेंटर 'नन' करा.

सबवूफर: विकत घेताना आणि ठेवताना

रिसीव्हरच्या मागे 'सब प्री आउट' असं बहुधा एकच आरसीए सॉकेट असतं. त्यातून पॉवर येत नाही, फक्त सिग्नल येतो. गाडीतला पॅसिव्ह वूफर स्वस्तात मिळाला म्हणून तिथे जोडता येत नाही. सबमध्ये स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर हवा. फ्लॅटच्या हॉलला दहा इंची एक पुरतो.

जागा निवडताना थोडा हिशेब करा. १० बाय १४ फुटांच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने सुमारे ४० हर्ट्झला आणि रुंदीच्या दिशेने सुमारे ५६ हर्ट्झला ध्वनिलहरी अडकतात. या सुरांना भिंतीजवळ बास फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर तो नाहीसा होतो. म्हणून सोफा भिंतीला टेकलेला असेल तर फूट-दीड फूट पुढे घ्या. सबसाठी जुनी युक्ती: तो सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा, बास भरपूर असलेलं एखादं गाणं लावा आणि खोलीभर जमिनीलगत रांगत फिरा. जिथे बास स्पष्ट आणि एकसारखा ऐकू येईल, तिथे सब ठेवायचा. घरच्यांना हसू द्या.

सबवरचा स्वतःचा क्रॉसओव्हर नॉब सगळ्यात वरच्या आकड्यापर्यंत फिरवा किंवा 'एलएफई'वर ठेवा. क्रॉसओव्हरचं काम रिसीव्हर करतो. दोन्हीकडे ८० लावलं तर आवाज दोनदा गाळला जातो आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. रिसीव्हरमध्ये सगळे स्पीकर 'स्मॉल' आणि क्रॉसओव्हर ८०. रिसीव्हरच्या माइकने केलेल्या ऑटो सेटअपनंतर समोरचे स्पीकर 'लार्ज' दिसले तर हाताने बदला. सबचं अंतर खरं आठ फूट असून सेटअपमध्ये तेरा दिसलं तर मात्र हात लावू नका. सबमधल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्यात धरलेला असतो. सेटअपच्या वेळी माइक हातात किंवा सोफ्याच्या पाठीवर नको, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला हवा. आणि पंखा, एसी बंद.

रात्री आवाज कमी केला की सब झोपतो? सिग्नल कमी पडल्यामुळे ऑटो स्टँडबाय लागतं. स्विच 'ऑन'वर टाका. तसा स्विच नसेल तर रिसीव्हरमधली सब लेव्हल थोडी वाढवून सबवरचा नॉब तेवढाच खाली आणा.

वायर

इथे पैसे वाचवाही आणि उगाच घालवूही नका. इलेक्ट्रिकलच्या दुकानातली शुद्ध तांब्याची, टू कोअर, दीड स्क्वेअर एमएम फ्लेक्सिबल वायर दहा मीटरपर्यंत ८ ओहमच्या स्पीकरला व्यवस्थित चालते. टाळायची ती सीसीए, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. पारदर्शक वेष्टनात ती तांब्यासारखीच दिसते. टोक चाकूने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि टोकं लवकर तुटतात.

एका स्पीकरचं लाल-काळं उलटं लागलं तर तो वाजतोच, म्हणून चूक लक्षात येत नाही. फक्त बास पातळ होतो आणि मधला आवाज पोकळ वाटतो. शंका असेल तर रिसीव्हरकडची टोकं काढून दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावा. सेलचा प्लस ज्या तारेला लावल्यावर वूफरचा कोन बाहेर येतो, ती प्लसची तार.

चालू करताच रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडत असेल तर प्लग काढा आणि टर्मिनलवर एखादा सुटा तांब्याचा केस शेजारच्या टर्मिनलला शिवतोय का ते बघा. तसं नसेल तर सगळे स्पीकर काढून चालू करा, मग एकेक जोडत जा. किमान ६ ओहम सांगणाऱ्या रिसीव्हरला ४ ओहमचे स्पीकर लावून जोरात वाजवलं तरी हेच होतं.

मागचे स्पीकर गप्प

टीव्हीच्या साउंड मेनूत डिजिटल आउटपुट 'पीसीएम' असेल तर एआरसीवरून फक्त स्टिरिओ जातो. रिसीव्हर असेल तर 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' करा. उलट, ऑप्टिकलवर दोन पॉवर्ड स्पीकर लावले असतील तर 'पीसीएम'च हवं, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही. ऑप्टिकलमधून डॉल्बी डिजिटल ५.१ जातं, ओटीटीवरचं डॉल्बी डिजिटल प्लस जात नाही. सेट टॉप बॉक्सवरच्या बऱ्याच वाहिन्या मुळातच स्टिरिओ असतात. तिथे सराउंड गप्प राहिले तर तो बिघाड नाही.

सोफा भिंतीला लागून असेल तर सराउंड मागे न लावता दोन्ही बाजूंना, किंचित मागे, बसल्यावर कानाच्या फूट-दोन फूट वर लावा.

सतत 'घूंऽऽ' येतंय

हे ५० हर्ट्झचं हमिंग. आधी सेट टॉप बॉक्सची डिश किंवा केबलची वायर काढून बघा. आवाज थांबला तर ग्राउंड लूप (अर्थला दोन वाटा मिळाल्यामुळे फिरणारा करंट) तिथून येतोय. ती केबलची वायर असेल तर तिच्यावर ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. नाही थांबला तर सब, टीव्ही आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या आणि सबची आरसीए केबल विजेच्या वायरपासून लांब न्या. तरीही गेलं नाही तर इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची जाडी पिन काढून टाकली की हमिंग जातं, असा सल्ला हमखास मिळेल. जातंही. पण मग सबच्या आत एखादी वायर सुटली तर त्याच्या धातूच्या पॅनलला वीज राहील, आणि तिला जमिनीत जायला वाट नसेल.