विजेवर चालणारे डाउनरिगर घेण्याआधी: ओंटारियो सरोवरात सॅमनसाठी उतरणाऱ्यांची तयारी

जुलै-ऑगस्टमध्ये ओंटारियो सरोवरातील चिनूक सॅमन वरच्या कोमट पाण्यात फारसा थांबत नाही. त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि ऐन उन्हाळ्यात असे पाणी बरेच खाली, कधी शंभर फुटांच्याही पलीकडे असते. नाव चालू ठेवून आमिष नेमके त्या खोलीवर ओढत न्यायचे असेल तर डाउनरिगर हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. केबलला टांगलेला जड गोळा खाली सोडायचा, त्याच्याजवळच्या क्लिपमध्ये गळाची दोरी अडकवायची, आणि मासा लागताच दोरी क्लिपमधून सुटून पुढची झुंज रॉडवर मोकळी होते. कॅनडातील मिसिसागा, ओकव्हिल या पट्ट्यातील आपल्या मंडळींपैकी ज्यांनी नुकतीच नाव घेतली आहे आणि जे आता हाताच्या यंत्राऐवजी विजेचे यंत्र पाहत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. परवाना, लाइफ जॅकेट, एका माणसामागे किती दोऱ्या टाकता येतात याचा नियम, या गोष्टी तुम्हांला ठाऊक असणारच.

यंत्राच्या किमतीकडे वळण्याआधी बॅटरीपासून नावेच्या मागच्या कडेपर्यंत जाणारी विजेची तार मोजा. यंत्रांची तुलना करण्यात मी एक आख्खा हिवाळा घालवला आणि तार मात्र नावेत आधीपासून होती तीच वापरली. त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यात महागडी मोटर गुरगुरून थांबली आणि खोलवर गेलेला गोळा केबल हाताला गुंडाळत वर काढावा लागला. असे कोणी करू नये, हे निराळे सांगायला नको. यंत्रे विकणारा दुकानदार तारेबद्दल स्वतःहून काही बोलत नाही, कारण ती तो विकत नाही.

हिशेब सोपा आहे आणि तो कागदावर मांडलाच पाहिजे. बॅटरी मागच्या कडेपासून १५ फुटांवर असेल, तर वीज जाऊन परत यायचे अंतर ३० फूट होते. पुष्कळ जण फक्त जाण्याचे अंतर धरतात आणि तिथेच चुकतात. भाराखाली मोटर २० अँपिअर घेते असे धरले, तर १४ गेजच्या तारेत साधारण दीड व्होल्ट वाटेतच संपतो, म्हणजे बारा व्होल्टच्या मोटरला साडेदहा-अकराच मिळतात. त्याच तारेवर दोन्ही बाजूंची यंत्रे एकदम चालली तर घट दुप्पट होते. तीच लांबी ८ गेजच्या तारेने भागवली तर घट ०.४ व्होल्टच्या आतबाहेर राहते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे लक्षात ठेवा, कारण उलटे समजून आणलेली तार तारेचा दुकानदार परत घेत नाही. व्होल्टेज पडले की मोटर मंदावते, तापते आणि शेवटी ब्रेकर पडतो, तोही नेमका गोळा खाली असताना, कारण भार तेव्हाच असतो. नाव धक्क्याला बांधलेली असताना हवेत गोळा वरखाली करून पाहिला तर सगळे ठीक चालते आणि माणूस निर्धास्त होतो.

म्हणून प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र तारांची जोडी ओढावी, ती कल्हई केलेल्या तांब्याची आणि नावांसाठी बनवलेली असावी, आणि प्रत्येक जोडीवर बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ ब्रेकर असावा. ब्रेकरचा आकडा यंत्राच्या पुस्तिकेतून घ्यावा आणि निवडलेल्या तारेला तो झेपतो की नाही हेही पाहावे. ब्रेकर वारंवार पडतो म्हणून तार तीच ठेवून मोठा ब्रेकर लावणे हा निव्वळ वेडेपणा आहे, त्याने नावेला आग लागते. बॅटरीची चर्चा लोक फार करतात. इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीहून वेगळी डीप सायकल (दीर्घकाळ सावकाश वीज देणारी) बॅटरी असावी, एवढे पुरे. डाउनरिगर दिवसभरात मिळून काही मिनिटेच चालतो, त्यामुळे बॅटरीतील साठा सहसा अडत नाही. अडतो तो एका क्षणी लागणारा जोरदार प्रवाह, आणि तो पोहोचवण्याचे काम तारेचे आहे.

आता यंत्राकडे वळू. विजेचे यंत्र घ्यायचे मुख्य कारण आराम नाही. एका रॉडला वीस-पंचवीस पौंडांचा चिनूक लागला की तो आडवातिडवा धावतो, आणि दुसऱ्या बाजूची केबल तशीच पाण्यात राहिली तर दोरी तिच्यात गुंततेच. मिनिटाला २५० फूट वेगाने ओढणारी मोटर शंभर फुटांवरचा गोळा २४ सेकंदांत वर आणते आणि त्या वेळात तुमचे दोन्ही हात सुकाणू व जाळ्यासाठी मोकळे राहतात. खोक्यावर छापलेला वेग पुरेशा व्होल्टेजवर मोजलेला असतो, त्यामुळे बारीक तारेवर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

इथल्या दुकानांत मुख्यतः स्कॉटी आणि कॅनन ही दोन नावे दिसतात. स्कॉटी ब्रिटिश कोलंबियातील सिडनीची कंपनी आहे, कॅनन विस्कॉन्सिनच्या जॉन्सन आउटडोअर्सची आहे, आणि मिशिगनच्या बिग जॉनचेही निष्ठावंत आहेत. स्कॉटीची रचना साधी असून सुटे भाग कॅनडात सहज मिळतात. कॅननची वरच्या किमतीची यंत्रे हमिनबर्डच्या फिशफाइंडरशी जोडता येतात आणि तळाच्या चढउतारानुसार गोळा आपोआप वरखाली करतात. तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउट माशासाठी ही सोय उपयोगी आहे, पण खोल पाण्यात अधांतरी फिरणाऱ्या चिनूकसाठी तिच्यावर खर्च करावा असे मला वाटत नाही. पृष्ठभागाशी आल्यावर गोळा आपोआप थांबण्याची सोय मात्र हवीच, कारण माशाच्या गडबडीत बटण सोडायचे विसरले की गोळा थेट यंत्राच्या दांड्यावर (ज्याच्या टोकावरून केबल पाण्यात उतरते) आदळतो. दोन्ही बाजूंना एकाच प्रकारची यंत्रे घ्या, म्हणजे खोलीचे आकडे जुळतात आणि एकच सुटा संच पुरतो.

अठरा-वीस फुटांच्या नावेला दोन यंत्रे पुरेत. चार लावणाऱ्यांनी आधी वळणे घ्यायला शिकावे, आणि चार लावायचीच असतील तर तारेचा वरचा हिशेब चारही यंत्रांसाठी नव्याने करावा. मागच्या कोपऱ्यांवर दोन-अडीच फुटांचा दांडा चालतो. यंत्र बाजूच्या कडेवर बसवायचे असल्यास चार-पाच फुटांचा, आत सरकवता येणारा दांडा घ्यावा, नाहीतर केबल प्रोपेलरजवळ येते आणि धक्क्याला लागताना दांडा शेजारच्या नावेत घुसतो. तळबैठक फिरती असावी. ती बसवताना नुसते स्क्रू पिळून भागत नाही. बोल्ट आरपार घालून खालून धातूची पट्टी द्यावी, कारण गोळा तळाच्या खडकात अडकला तर चालत्या नावेचा सगळा जोर त्या चार भोकांवर येतो. याच कारणासाठी यंत्राचा क्लच (केबलच्या चाकाचा ब्रेक) असा बेताने आवळावा की गोळा अडकल्यास केबल सुटत जाईल. नावेची मागची कड पाण्याकडे ओढली जाता कामा नये.

केबल पोलादी घ्यावी की विणलेल्या दोऱ्याची, यावर लोक तासन्तास वाद घालतात. पोलादी केबल दगडाला घासली तरी सहज तुटत नाही, पण पाण्यात गुणगुणते, तिला पीळ पडतात आणि तिचे सुटलेले तंतू बोटांत शिरतात. विणलेला दोरा शांत असतो आणि बोटीवरच पुन्हा बांधता येतो, म्हणून माझे मत त्याच्या बाजूने आहे. गोळ्याजवळचा वेग आणि तापमान सांगणारे उपकरण घेणार असाल तर केबल आधी ठरवू नका. फिश हॉकचे उपकरण ध्वनीने संदेश पाठवते, त्यामुळे त्याला कोणतीही केबल चालते, तर मूर सब-ट्रोलला खास लेप दिलेली केबल लागते. या उपकरणावर केलेला खर्च मला योग्य वाटतो. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस टिकला की उत्तर किनाऱ्याजवळचे वरचे कोमट पाणी दूर ढकलले जाते, खालचे थंड पाणी वर येते आणि कालची खोली आज निरुपयोगी ठरते. शिवाय खालच्या प्रवाहामुळे पृष्ठभागावरचा ताशी अडीच मैलांचा वेग गोळ्यापाशी तितकाच असेल असे नाही.

उन्हाळ्यात दोरीवर चिखलासारखे गोळे जमतात ते पाणपिसवांचे, म्हणजे पाण्यातल्या बारीक जीवांचे. त्यांतील शेपटीला आकडी असलेली जात या सरोवरात १९९८ साली प्रथम आढळली. बारीक दोरीवर त्या जास्त अडकतात आणि रॉडच्या टोकाचे कडे बुजवतात, म्हणून रिळावर ३० पौंडी जाड मोनो (एकाच तंतूची नायलॉनची दोरी) भरणारे बरेच आहेत.

गोळा १२ पौंडांचा घ्यावा. हलका गोळा वेगात मागे उडतो आणि मीटरवरील १०० फूट प्रत्यक्षात बरेच कमी भरतात. पंधरा पौंडी हवा असेल तर दांड्याची क्षमता पाहा, आणि तारेचा हिशेब पुन्हा करा. होय, पुन्हा.

सगळे बसवून झाल्यावर नाव खोल पाण्यात न्यावी, गोळा शंभर फूट सोडावा, आणि तो वर येत असताना डाउनरिगरच्या प्लगपाशी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहावे. बॅटरीच्या टोकांवर त्याच वेळी दिसणाऱ्या आकड्यापेक्षा ते अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी भरले, तर तार किंवा एखादा जोड कच्चा आहे. दुसरे यंत्रही चालू करून तीच मोजणी पुन्हा करावी. ही पाच मिनिटांची चाचणी टाळणाऱ्याला मी माझ्या नावेवर घेणार नाही.

उरलेले थोडक्यात. एक जादा गोळा, दोन जादा क्लिप, केबलच्या टोकाचा सुटा जोड, जादा ब्रेकर आणि केबल कापायची पक्कड नावेवर असू द्या. क्लिपचा ताण किनाऱ्यावरच तपासा. प्लगच्या टोकांना ग्रीस लावा. ट्रेलरवर नाव नेताना गोळे काढून खाली तळाशी ठेवा, दांड्याला टांगून नेऊ नका.