पिल्लाच्या यकृतातली जनुकं मोजताना या चुका टाळा

उंदराच्या गर्भातलं यकृत आणि दोन महिन्यांच्या उंदराचं यकृत, दोन्हींचं आरएनए सिक्वेन्सिंग (कोणत्या जनुकाच्या आरएनए-प्रती किती बनतात याची मोजणी) शेजारी ठेवलं की हजारो जनुकांचे आकडे वरखाली झालेले दिसतात. एवढी मोठी यादी हाती आली की प्रबंधात लगेच वाक्य येतं: ‘जन्मानंतर या जनुकांचं नियमन बदलतं.’ पण आकडा बदलला म्हणजे यकृतपेशीच्या आतलं नियमन, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारी व्यवस्था बदलली, असं आपोआप होत नाही. आकडा हलण्याची बाकीची कारणं आधी एकेक करून बाजूला काढावी लागतात, आणि एमएस्सी-पीएचडीच्या कामात घाईघाईत नेमकं तेच राहून जातं.

रक्तपेशींना यकृतपेशी समजू नका

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. गर्भात रक्त तयार करण्याचं मुख्य ठिकाण यकृत असतं. उंदराच्या गर्भाच्या चौदाव्या दिवसाच्या आसपास यकृताचा तुकडा घेतला तर त्यात यकृतपेशींपेक्षा रक्ताच्या पूर्वपेशींचीच गर्दी जास्त असते. जन्माच्या सुमारास हे काम अस्थिमज्जेकडे जातं, तरी ते एका रात्रीत थांबत नाही. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाच्या यकृताची हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या रंगांनी रंगवलेली साधी स्लाइड बघा: फिकट, मोठ्या यकृतपेशींच्या मधेमधे लहान, गोल, गर्द निळ्या केंद्रकांचे पुंजके दिसतात. त्याच या रक्ताच्या पूर्वपेशी.

म्हणजे एखादं जनुक जन्मानंतर दसपट उतरलेलं दिसलं, तर ते बंद झालं असेल, किंवा ज्या पेशी ते वापरत होत्या त्या यकृत सोडून गेल्या असतील. उलट बाजूनेही हाच घोळ होतो. रक्तपेशी कमी झाल्या की उरलेल्या आरएनएमध्ये यकृतपेशींचा वाटा वाढतो आणि त्यांची कितीतरी जनुकं जागची न हलताही ‘वाढलेली’ दिसतात.

तपासायला एक सोपी जोडी आहे. हीम (हिमोग्लोबिनमधला लोहाचा भाग) बनवण्याच्या पहिल्या पायरीचं एन्झाइम दोन जनुकांवरून बनतं: यकृतपेशी एएलएएस१ वापरतात, तांबड्या पेशींच्या पूर्वपेशी एएलएएस२. तुमच्या ‘घटणाऱ्या’ जनुकाचा आलेख एएलएएस२च्या आलेखाला समांतर उतरत असेल तर निष्कर्ष लिहायचं थांबवा. कोलॅजिनेज या ऊती सुटी करणाऱ्या एन्झाइमने यकृतपेशी वेगळ्या करून पुन्हा मोजा, नाहीतर एकेका केंद्रकाचं सिक्वेन्सिंग करा. ‘आम्ही सलाइन सोडून यकृत धुतलं होतं’ हे उत्तर इथे पुरत नाही. धुतल्याने वाहिन्यांमधलं रक्त जातं, ऊतीत रुतलेले पुंजके तसेच राहतात.

अल्ब्युमिन दिसलं म्हणजे यकृत पक्व झालं, असं नाही

अल्ब्युमिन हे यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन गर्भातच भरपूर बनत असतं. ते यकृतपेशीची ओळख पटवतं, तिचं वय सांगत नाही. वयासाठी त्याचं शेजारचं जनुक बघावं लागतं, अल्फा-फिटोप्रोटीन म्हणजे एएफपी. ही दोन्ही एकाच गुणसूत्रावर लागून आहेत, काही एन्हान्सरही (जनुकाला चालना देणारे डीएनएचे तुकडे) त्यांच्यात सामायिक आहेत, आणि तरीही जन्मानंतर एक चालू राहतं नि दुसरं हजारो पटींनी खाली येतं. जन्मोत्तर नियमन शिकायला इतकं चांगलं उदाहरण माझ्या मते दुसरं नाही.

पण एएफपी वापरतानाही उंदराचा वाण बघा. बाल्ब-सी-जे या उपवाणात प्रौढपणीही एएफपी इतर वाणांपेक्षा कित्येक पटींनी जास्त राहतं. १९७७ साली हे लक्षात आलं होतं. कारण मात्र २००५ मध्ये हाती लागलं: झेडएचएक्स२ या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (प्रथिनाचा संकेत नसलेल्या मधल्या भागात) एक रेट्रोव्हायरसचा तुकडा घुसून बसला आहे, त्यामुळे एएफपीला दाबणारं हे प्रथिन पुरेसं बनत नाही. एच१९ आणि ग्लिपिकान-३ ही जनुकंसुद्धा याच दाबाखाली असतात, म्हणून तीही थोडी वर राहतात. बाल्ब-सीच्या इतर उपवाणांत हा बिघाड नाही. तेव्हा वहीत नुसतं ‘बाल्ब-सी’ लिहू नका, पूर्ण नाव लिहा. शिवाय यकृताला इजा झाली की प्रौढ उंदरातही एएफपी पुन्हा वर येतं. ते वाढलं म्हणून ‘पक्व होणं अडलं’ असं म्हणण्याआधी इजा नाही ना, याची खात्री करा.

‘पी-झीरो’ एवढंच लिहून भागत नाही

पी-झीरो म्हणजे जन्माचा दिवस. नाळ तुटली की आईकडून येणारं ग्लुकोज थांबतं. पिल्लाचं इन्सुलिन उतरतं, ग्लुकॅगॉन चढतं, आणि ग्लुकोज तयार करणारं पीसीके१ हे जनुक, जे उंदीर-घुशींच्या गर्भात जवळजवळ गप्प असतं, काही तासांत चालू होतं. त्यामुळे जन्मानंतर तासाभरात घेतलेलं पिल्लू आणि त्याच दिवशी संध्याकाळी घेतलेलं पिल्लू हे दोन वेगळे नमुने आहेत. सकाळी पिंजऱ्यात पिल्लं ‘सापडली’ तर त्यांची जन्मवेळ तुम्हाला माहीतच नाही, हे कबूल करा आणि तो गट वेगळा ठेवा. पिल्लाच्या पोटात दूध आहे का, तेही लिहून ठेवा. नवजात पिल्लाच्या पातळ कातडीतून पोटातलं पांढरं दूध बाहेरून दिसतं, त्यासाठी वेगळी चाचणी लागत नाही.

आहाराचा घोळ तिसऱ्या आठवड्यात पुन्हा होतो. दुधात चरबी जास्त, पिष्ट नाही. पिंजऱ्यातल्या खाद्यात नेमकं उलटं. त्यामुळे दूध सुटलं की चरबी बनवणारी जनुकं चढतात आणि आपण म्हणतो ‘वयामुळे’. ग्लुकोज वापरात आणणारं ग्लुकोकायनेज हे एन्झाइम पिल्लांच्या यकृतात जन्मानंतर साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतं, पण पिल्लांना लवकर पिष्टमय खाद्यावर आणलं तर तेही लवकर येतं. वय आणि आहार वेगळे करायचे असतील तर काही पिल्लांचं दूध लवकर सोडवावं लागेल, काहींचं उशिरा. दुसरी वाट नाही.

काही चुका छोट्या आहेत, पण सारख्या होतात. बीटा-ॲक्टिन आणि जीएपीडीएच या जनुकांची पातळी यकृताच्या वाढीत स्थिर राहीलच असं धरून चालू नका. क्यूपीसीआरसाठी (एकेका जनुकाचं आरएनए मोजण्याच्या पद्धतीसाठी) दोन-तीन संदर्भ-जनुकं, म्हणजे ज्यांच्याशी बाकीची ताडायची ती, आधी सगळ्या वयांत तपासून घ्या. यकृताची अनेक जनुकं चालवणाऱ्या एचएनएफ४ए या जनुकाला दोन प्रमोटर (जनुकाचं वाचन जिथून सुरू होतं ते भाग) आहेत, आणि प्रौढ यकृतात पी१ हाच मुख्य असतो. प्रायमर (मोजणीसाठी जनुकावर बसवायचे डीएनएचे छोटे तुकडे) दोन्हींत सामायिक असलेल्या भागावर, म्हणजे एक्सॉनवर, बसवले तर कोणता प्रमोटर चालू आहे ते मुळीच दिसणार नाही. वयात आल्यावर नर-मादींची यकृतं वेगळी वागतात, कारण वाढ-संप्रेरक नरांत ठोक्याठोक्याने सुटतं, मादींत बरंचसं सलग. डेटात नर-मादी मिसळलेत अशी शंका आली तर ‘झिस्ट’ हे जनुक बघा, मादीत ते हमखास सापडतं. सगळे नमुने दिवसाच्या एकाच वेळी घ्या. आणि एका वेताची सहा पिल्लं म्हणजे सहा स्वतंत्र नमुने नव्हेत. त्यांची आई एक, जन्मवेळ एक, दूध एक. सांख्यिकीत वेत हा घटक धरा.

उंदरावरून बाळाकडे येताना

माणसाच्या बाळात बिलिरुबिन (काविळीतलं पिवळं द्रव्य) निकालात काढणाऱ्या यूजीटी१ए१ या एन्झाइमचं काम जन्माच्या वेळी प्रौढाच्या जेमतेम एक टक्का असतं आणि साधारण तीन महिन्यांत प्रौढ पातळीला येतं. इथे गर्भाच्या वयापेक्षा जन्म होणं ही घटना जास्त महत्त्वाची ठरते: अपुऱ्या दिवसांच्या बाळातही जन्मानंतरच ही चढण सुरू होते. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर फक्त ‘गर्भधारणेपासूनचे आठवडे’ घेतले तर चित्र विस्कटतं. नवजात बाळाच्या रक्तातलं एएफपी दर मिलिलिटरला हजारो नॅनोग्रॅममध्ये असतं आणि वर्षभरात उतरत जातं. त्याला मोठ्या माणसाच्या नॉर्मल रेंजशी ताडून कर्करोगाच्या गाठीची भीती घालणं चुकीचं आहे.

औषधं पचवणाऱ्या सीवायपी३ए कुटुंबात जन्माआधी सीवायपी३ए७ राज्य करतं, जन्मानंतर सीवायपी३ए४ त्याची जागा घेतं. उंदरातही अशी अदलाबदल होते, पण जनुकं वेगळी, त्यामुळे वेळापत्रक जसंच्या तसं उचलू नका. काही प्रौढ माणसांत मात्र सीवायपी३ए७ चालूच राहतं. त्यांच्या या जनुकाच्या प्रमोटरमध्ये सुमारे ६० बेसचा तुकडा शेजारच्या सीवायपी३ए४च्या प्रमोटरचा असतो. प्रौढ नमुन्यात सीवायपी३ए७ भरपूर सापडलं, तर ‘अपक्व यकृत’ असा शेरा मारण्याआधी तेवढा प्रमोटर सिक्वेन्स करून बघा.