मशीन अंगठा घेत नाही तेव्हा

नाशिकच्या पेठ रोडला माझं महा ई-सेवा केंद्र आहे, अकरा वर्षं झाली. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उत्पन्नाच्या दाखल्यांपेक्षा जास्त गर्दी अंगठ्यांची असते. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत राबणाऱ्या बाया, मार्केटयार्डातले हमाल, धुणीभांडी करणाऱ्या मावश्या. डिपिंगच्या दिवसांत घड औषधात बुडवून बुडवून, विरळणीची कात्री धरून बोटांच्या रेषाच पुसट होतात. मग रेशन दुकानातलं मशीन नाही म्हणतं आणि दुकानदार म्हणतो, "ताई, पुढच्या महिन्यात या." माझा अंगठा मशीन पहिल्या झटक्यात घेतं. मी दिवसभर कीबोर्ड बडवतो ना.

पुढच्या महिन्यावर जाऊ नका. तिथंच उभं राहून आधी विचारा, की मशीन नक्की काय म्हणतंय. ठसा जुळत नाही, सर्व्हर चालत नाही, की नावच दिसत नाही? तिन्हीला "होत नाही" असं एकच उत्तर मिळतं, पण औषध वेगळं. सर्व्हरचं असेल तर तासाभरानं परत जा. नाव दिसत नसेल किंवा केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) बाकी असेल, तर ते काम दुकानात सुटेलच असं नाही, पुरवठा कार्यालयात जावं लागू शकतं. ठसाच जुळत नसेल तर हात कोमट पाण्यानं धुवा, खोबरेलाचं बोट फिरवा आणि कोरडं पुसा. कोरडी, भेगाळलेली कातडी मशीनला वाचता येत नाही. अंगठाच हवा असंही नाही, दहाही बोटं लावून बघा. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा चालतो. मोबाईल आधारला जोडलेला असेल तर ओटीपीचं विचारा, आणि मशीनला डोळ्याचा स्कॅनर असेल तर त्याचंही. दुकानदार स्वतःहून सहसा सांगत नाही.

एक मात्र पाळा. धान्य समोर मापलं जात नाही तोवर बोट लावायचं नाही. "आज अंगठा देऊन ठेवा, माल आला की बोलावतो" याला बळी पडू नका. ठसा लागला की सरकारच्या हिशेबात तुम्ही धान्य नेलेलं असतं. पावती मागा आणि तिच्यावरचे किलो बघा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. कार्ड केशरी आहे म्हणून हक्क नाही असं कुणी म्हणालं तर कार्डावरचा प्राधान्याचा शिक्का दाखवा. केशरी कार्डावरही प्राधान्य असतं.

एवढं करूनही नाही जमलं, तर खरी गोष्ट इथून सुरू होते, आणि इथंच मी एकदा चुकलोय. फुलेनगरच्या एक आजी, एकट्या, घरात दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, आजी, आधार अपडेट करून घ्या, मग बघू. अपडेट व्हायला वेळ लागला आणि तीन महिन्यांचं धान्य गेलं. नंतर कार्यालयात गेलो तर पहिला प्रश्न आला, "त्या दुकानात गेल्या होत्या कशावरून?" माझ्याकडे कागद नव्हता. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ८ मध्ये धान्य न मिळाल्यास भत्त्याची तरतूद आहे, पण जो दुकानात धान्य मागायलाच गेला नाही त्याला तो मिळत नाही. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही. साध्या कागदावर, दोन प्रतींत, एवढं लिहा:

"प्रति, रास्त भाव दुकान क्रमांक ... मी आज दिनांक ... रोजी ... वाजता धान्य घेण्यास आले. शिधापत्रिका क्रमांक ... मशीनवर ... वेळा बोट लावले, ठसा जुळला नाही. मला ... किलो धान्य मिळाले नाही. केंद्र सरकारच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रानुसार नेटवर्क, आधार जोडणी किंवा अस्पष्ट ठसे या कारणांनी धान्य नाकारता येत नाही. कृपया पर्यायी नोंद करून धान्य द्यावे, अथवा न देण्याचे कारण लिहून द्यावे."

एका प्रतीवर सही-शिक्का घ्या. त्याला आम्ही पोच म्हणतो. निम्म्या वेळा हा कागद पुढे केला की दुकानदाराला ओटीपी आठवतो. पोच देत नसेल तर भांडू नका, तोच कागद स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. सही येत नसेल तर अर्जावर अंगठा चालतो. कागद कधी रेषा मोजत नाही.

पेठ, सुरगाण्याहून छाटणीला आलेल्यांना आणखी एक ऐकावं लागतं: "तुमचं कार्ड तिकडचं, तिकडं जा." चूक आहे. 'एक देश एक रेशनकार्ड'मध्ये कुठल्याही दुकानातून आपला वाटा उचलता येतो. बागेवर दोन महिने मुक्काम असेल तर जवळच्याच दुकानात जा, कार्डाचा नंबर पाठ असू द्या. घरचे थोडं तिकडे, तुम्ही थोडं इकडे, असंही घेता येतं.

पोच हातात आली की त्याच दिवशी १९६७ ला फोन करा आणि तक्रार क्रमांक कागदावरच टिपा. मग शहरात राहत असाल तर धान्य वितरण अधिकारी, तालुक्यात असाल तर तहसीलची पुरवठा शाखा, यांच्याकडे अर्ज द्या. तिथं दाद लागली नाही तर कायद्याच्या कलम १५ खालचे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यांच्यावर राज्य अन्न आयोग. अर्ज पडून राहिला तर माहिती अधिकारात "माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, रोजची नोंद द्या" एवढंच विचारा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवस.

आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्याने देऊन ठेवा, पण हंगाम संपल्यावर, कातडी भरून आली की. विरळणीच्या आठवड्यात दिलेले ठसे पुन्हा फसतात. आजींचे मी मे महिन्यात नेऊन घेतले, डाव्या हाताची करंगळी मशीनला पटली. आता त्या दुकानात सरळ करंगळीच पुढे करतात.