झेवियर्समध्ये नवीन आहात?

अ‍ॅडमिशन झाली तेव्हा मळवलीच्या आजीने एकच विचारलं, "पाद्र्यांचं कॉलेज ना ते? बाटवणार नाहीत ना?" तीन वर्षं झाली, माझ्या हातात कुणी बायबल दिलेलं नाही. पण हे पाद्री मुंबईत कॉलेज कसे काढून बसले, हे मात्र माहीत असलेलं बरं. त्याशिवाय इथल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही.

कॉलेज १८६९ सालचं, जर्मन जेझुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी, काढलेलं. ज्यांचं नाव दिलंय ते फ्रान्सिस झेवियर म्हणजे जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे, तेच. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन पाद्र्यांना शत्रू ठरवून अटकेत टाकलं, देशाबाहेर काढलं. मग स्पेनहून मंडळी आली. त्यांतले फादर हेरास १९२२ मध्ये आले. असं सांगतात की, कुठला इतिहास शिकवाल म्हणून विचारल्यावर ते म्हणाले, भारताचा. त्यातलं काय येतं? काहीच नाही. मग शिकवणार कसा? अभ्यास करीन! पुढे हा माणूस सिंधू लिपीच्या मागे आयुष्यभर लागला. कॉलेजातली इतिहास संशोधनाची संस्था, हेरास इन्स्टिट्यूट, त्यांचीच.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी हा किस्सा गाठीला बांधा. पहिल्या सत्रात वर्गातलं इंग्रजी माझ्या डोक्यावरून जायचं. मी मागच्या बाकावर तोंड शिवून बसायचो, ती माझी चूक. इथे "कळलं नाही" म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही, गप्प बसणारा मात्र मागे पडतो. कॉलेजचं लॅटिन ब्रीदवाक्यही तेच सांगतं. गरुडीण पिलांना उडायला उचकवते, असा त्याचा अर्थ. कडेवर घेऊन फिरवते, असा नव्हे!

२०१० पासून कॉलेज स्वायत्त आहे, त्यामुळे पेपर इथलेच. सीआयए, म्हणजे अंतर्गत परीक्षा, हलक्यात घेऊ नका. समाजकार्याचे तास असतात, ते शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. मल्हारच्या, म्हणजे कॉलेजच्या महोत्सवाच्या, तयारीत पडलात तर ऑगस्ट गेला म्हणून समजा. अर्थात पडाच.

आणि बॉटनीवाला एखादा मित्र जोडा. मी इतिहासवाला, पण एकाने मला कॉलेजातल्याच ब्लॅटर हर्बेरियममध्ये नेलं. वाळवलेल्या वनस्पतींचे थरच्या थर. इथल्याच फादर सांतापाव यांनी खंडाळ्याच्या झाडाझुडपांवर अख्खं पुस्तक लिहिलंय आणि मळवली तिथून जवळच, म्हणून मी आमच्या बाजूचं काहीतरी दाखव म्हटलं. त्याने कारवीचा कागद काढला. चिकटवलेली डहाळी, पानं तपकिरी झालेली, कोपऱ्यात लेबल. आमच्या घाटातली कारवी धोबीतलावला कपाटात जपून ठेवलेली!

सुट्टीत आजीला सांगितलं. ती म्हणाली, "कारवी? अरे, आम्ही घराच्या भिंतींना तिचे कूड घालायचो."